हंगेरीतल्या खेड्यात, विहिणीच्या घरी सहा आठवडे

कृष्णाकाठ

मुलाचं लग्न ठरलं तेव्हा इथेच मी विचारलं होतं, की परदेशी व्याह्यांशी बोलायचं कसं आणि त्यांच्याकडे राहायला जावं का. तुम्ही बऱ्याच जणांनी धीर दिला होता. आता जाऊन आले आहे, तेव्हा सविस्तर लिहिणं माझ्याकडे लागतं.

मी कराडजवळची. मुलगा बुडापेश्तला नोकरीला आहे. सून तिथलीच, पण माहेर दक्षिणेकडे, सेगेद शहरापासून बसने पाऊण तासावरच्या एका खेड्यात. बुडापेश्तच्या न्युगाती स्टेशनातून केच्केमेतमार्गे सेगेदला आगगाडीने साधारण अडीच तास लागतात. सगळा वेळ खिडकीबाहेर सपाट जमीन, नजरेला अडवायला एक टेकाड नाही. ह्या मैदानाला आल्फोल्द म्हणतात. सूर्यफुलं वाळून काळी पडलेली, मका उभा आणि मधूनच शेतात एखादंच घर. तशा एकट्या घराला तिथे 'तान्या' म्हणतात. आपल्याकडे गावठाण सोडून मळ्यात वस्ती करून राहतात ना, तेच.

दारात विहीणबाई उभ्या होत्या. पहिला शब्द 'इश्तेन होस्ता', म्हणजे देवानं आणलं तुम्हाला. दोन्ही गालांना गाल लावले, माझे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, 'नासॉसोन्य!' सून म्हणाली, "आई, ह्याचा अर्थ विहीण." व्याह्यांना 'नास' म्हणतात. मला काय वाटलं ते कसं सांगू? दोन वर्षं मी बँकेत, व्हिसाच्या खिडकीवर, विमानतळावर इंग्रजीत 'मुलाची सासू, सुनेची आई' असं लांबण लावून सांगत होते. त्या भाषेत आमच्या नात्याला शब्दच नाही. आणि इथे जवळजवळ सहा हजार किलोमीटरवर एका बाईच्या तोंडात तो शब्द तयार होता. मला कुठे बसवायचं हे त्या भाषेला आधीच ठाऊक होतं.

चपला दाराशी काढल्या. लगेच घरातल्या सपाता पुढे आल्या. त्यांना 'पापुच' म्हणतात. मुलाने नंतर सांगितलं की हा शब्द तुर्कांबरोबर तिकडे गेला, मूळ फारसी. आपला 'पायपोस' त्याच मुळातला.

विहीणबाईंना इंग्रजी येत नाही, मला हंगेरियन येत नाही. सून शनिवार-रविवारी यायची, बाकी पाच दिवस आम्ही दोघी, व्याही आणि त्यांच्या सासूबाई. त्या एक्याण्णव वर्षांच्या, सगळे त्यांना 'देदी' म्हणतात, म्हणजे पणजी.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीची गोष्ट. हंगेरियनमध्ये आपल्यासारखंच अरे-तुरे आणि अहो-जाहो आहे. 'ते' म्हणजे तू, 'मागा' म्हणजे तुम्ही. 'मागा'वरून 'ते'वर यायचं तर वयाने मोठ्या माणसाने तसं म्हणायचं असतं, धाकट्याने मागायचं नसतं. सून आली होती, तिला मध्ये घेऊन आमची जन्मसालं निघाली. मी दोन वर्षांनी मोठी निघाले. म्हणजे म्हणायचं मी! विहीणबाई काही बोलल्या नाहीत, टेबलावरचे पावाचे तुकडे सारखे करत बसल्या, पण वाट बघत होत्या हे दिसत होतं. मी म्हटलं, "अगं म्हण मला." सुनेने सांगितलं. मग तिने कपाटातून तीन छोटे पेले काढले. एकात पालिंका, जर्दाळूची दारू, व्याह्यांसाठी. दोनांत पाणी घालून 'बोद्झा'चं सरबत. बोद्झा म्हणजे एक झाड, त्याला मे-जूनमध्ये पांढऱ्या बारीक फुलांचे तुरे येतात, त्या फुलांचं सरबत घरोघरी करून ठेवतात. पेला पेल्याला लावायचा, डोळ्यांत बघायचं, 'एगेशेगेद्रे' म्हणायचं, तुझ्या आरोग्यासाठी. त्या दिवसापासून ती मला तू म्हणते. माझ्या सख्ख्या विहिणी दोन आहेत इथे सातारा जिल्ह्यात, अजून आम्ही एकमेकींना 'अहो'च म्हणतो.

आता कामाचं लिहिते, कारण आम्ही जवळ आलो त्या कामामुळेच.

सप्टेंबरात आलुबुखारची झाडं लगडलेली असतात. त्याचा 'लेक्वार' करतात. आपण जॅम म्हणू, पण जॅम नव्हे. पिकलेल्या फळाच्या बिया काढायच्या, अंगणात तांब्याची मोठी काहील विस्तवावर चढवायची आणि पहाटेपासून संध्याकाळपर्यंत लांब दांड्याच्या लाकडी उलथण्याने ढवळत राहायचं. साखर घालत नाहीत. फळच इतकं गोड झालेलं असतं. दुपारनंतर ते काळंभोर होतं आणि फुटाफुटाने उडायला लागतं, हातावर पडलं तर फोड. विहीण दमली होती. मी दांडा घेतला. माझ्या वडिलांचं गुऱ्हाळ होतं. काहिलीत रस आटत आला की बुडबुड्याचा आकार कसा बदलतो, आवाज कसा जड होतो, हे मी परकर नेसायचे तेव्हापासून बघितलंय. दांडा ओढला की काहिलीच्या बुडाला रेघ दिसली पाहिजे आणि ती लगेच मिटता कामा नये. ती रेघ मला तिच्या आधी दिसली. मी थांबले, बोट दाखवलं. तिने बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि नवऱ्याला हाक मारून विस्तव ओढायला सांगितला. आमच्याकडे गुळव्याचा शब्द शेवटचा असतो. त्या दिवशी तो मान मला मिळाला.

गरम लेक्वार बाटल्यांत भरून त्या बाटल्या गादीवर, उशा-दुलयांत गुंडाळून ठेवतात, म्हणजे दोन दिवस सावकाश निवतात आणि टिकतात. माझी खोली ती होती. 'तिस्ता सोबा', म्हणजे स्वच्छ खोली, जुन्या घरांत पाहुण्यांसाठी राखलेली, रस्त्याच्या बाजूची. दोन रात्री माझ्या शेजारच्या पलंगावर चाळीस बाटल्या झोपल्या होत्या, आणि खोली त्यांच्या उबेने गरम.

मग मिरची. सेगेद आणि कालोचा ही तिकडची मिरचीची गावं. लाल मिरच्या देठाशी सुईने ओवून माळा करतात आणि ओसरीच्या वळचणीला टांगतात. ओसरीला 'तोर्नात्स' म्हणतात, खांब असलेली, घराच्या लांबीभर. माळ हलवली की आत बी खुळखुळलं पाहिजे, मग ती दळायला योग्य. गोड असते ती 'एदेश', तिखट ती 'चीपोश'. पूर्वी गावातल्या बाया चाकूने मिरची चिरून आतल्या शिरा काढत, म्हणजे तिखटपणा जाई आणि रंग राही. आपण रंगासाठी ब्याडगी घालतो, तशी त्यांची सगळी भिस्तच रंगावर. ह्याच सेगेदमध्ये सेंट-ज्यॉर्ज्यी ह्या शास्त्रज्ञाने मिरचीतून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात काढलं. त्यांना 1937 सालचं नोबेल मिळालं. गावात कुणालाही विचारा, अभिमानाने सांगतात.

मी घरचा कांदा-लसूण मसाला नेला होता. व्याह्यांनी तो डुकराच्या चरबीत परतलेल्या कांद्यात घातला, कोंबडी शिजवली, घाम पुसत दोनदा वाढून घेतली.

आणि एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. 1 नोव्हेंबरला तिथे 'मिन्देनसेन्तेक' असतो, 2 तारखेला मृतांचा दिवस. सगळा देश आपापल्या गावी जातो. आदल्या आठवड्यात थडगी घासून धुतात, तण उपटतात, शेवंतीच्या कुंड्या ठेवतात आणि अंधार पडला की मेणबत्त्या. मी विहिणीबरोबर गेले. तिच्या वडिलांचं, सासऱ्यांचं झालं. मग ती मला स्मशानाच्या मधोमध मोठ्या क्रुसाशी घेऊन गेली. ज्यांची माणसं दूर पुरली आहेत किंवा ज्यांचा पत्ताच नाही, ते लोक तिथे मेणबत्ती लावतात. शेकडो दिवे लागलेले होते. तिने पिशवीतून एक लाल काचेचा दिवा काढला आणि माझ्या हातात दिला. आमचे हे जाऊन सात वर्षं झाली. तिला हे सुनेने कधीतरी सांगितलं असणार. तिने घरून निघतानाच तो वेगळा घेतला होता.

काही विचारायचं असेल तर विचारा, आठवेल तसं सांगेन.

पिंपळपान

ताई, शेवटचं वाचून थांबले थोडा वेळ. फार मनापासून लिहिलंय.

आमची पण हीच वेळ आहे. भाच्याची सासुरवाडी हंगेरीत, देब्रेत्सेनच्या बाजूला. पुढच्या उन्हाळ्यात मी आणि बहीण जाणार आहोत. दोन शंका. पाच दिवस भाषेविना कसे काढले? आणि आम्ही दोघी शाकाहारी, अंडंही नाही. खेड्यात उपाशी राहू का?

कृष्णाकाठ

पिंपळपान, भाषेचं म्हणाल तर मी एका वहीत शब्द लिहीत गेले. सकाळी उठल्यावर देदी विचारायच्या, मी चुकीचं सांगायचे, त्या बरोबर सांगायच्या. फोनवरचं भाषांतर लांबलचक गोष्टींना वापरलं. पण चुलीपाशी त्याची गरज पडत नाही. 'किचित' हा शब्द पहिल्याच दिवशी कळला. किचित म्हणजे थोडंसं! आपलं किंचित. 'मेग एज किचित' म्हणजे अजून थोडं घ्या. 'एलेग' म्हणजे पुरे. हे दोन आले की जेवण निभतं.

मोठ्यांना नावापुढे 'नेनी' आणि 'बाची' लावतात, काकू-काका. गल्लीतली मुलं मला सायकलवरून जाताना 'चोकोलोम' म्हणायची. शब्दशः अर्थ चुंबतो, म्हणजे हात चुंबतो, पण म्हणतात नमस्कार म्हणून, लहानांनी मोठ्या बायकांना. मी प्रत्येक वेळी हात वर करायचे.

शाकाहाराचं मला नीट सांगता यायचं नाही, मी सगळं खाते.

बुडापेश्तची_सकाळ

शाकाहारावर मी लिहितो. बारा वर्षं इथे आहे, बायको इथली, आणि मी आजपर्यंत मांस खाल्लेलं नाही.

उपाशी राहणार नाही, पण आधी सांगावं लागेल आणि स्पष्ट सांगावं लागेल. नुसतं 'मी शाकाहारी' म्हणून चालत नाही. माझ्या आजेसासूबाईंनी पहिल्या वर्षी माझ्यासाठी मुद्दाम 'मांसाशिवाय' म्हणून कोंबडीचं सूप केलं होतं, प्रेमाने. त्यांच्या पिढीला मांस म्हणजे डुक्कर. कोंबडीसुद्धा नको, आणि 'झीर' नको, हे वेगळं सांगा. झीर म्हणजे डुकराची चरबी. जुन्या घरांत फोडणीला तीच असते, बिस्किटांतही असते. 'पोगाचा' नावाचे खारे छोटे गोळे प्रत्येक घरात ताटलीभर पुढे येतात. त्यातले चीजचे चालतील का हे विचारून घ्या, आणि 'तोपोर्त्यू'चे टाळा, त्यात चरबीचे कुरकुरीत तुकडे असतात. पोगाचात बहुतेक वेळा अंडंही असतं.

काय मिळेल ते सांगतो. 'फोझेलेक' हा तुमचा आधार. वाटाणा, पालक, दुधी-भोपळ्याच्या जातीची फळं, बटाटा, काहीही शिजवून पीठ लावून दाट करतात. आपल्या पळीवाढ्या भाजीचाच प्रकार. भोपळ्यात शेपू घालतात. 'शोश्का'चा करतात तो तर आपल्या चुक्याच्या पातळ भाजीचा भाऊ, आंबटगोड. 'लेचो' ऑगस्टमधला, ढोबळी मिरची, टोमॅटो, कांदा, तेलात करायला सांगा. थंड चेरीचं सूप उन्हाळ्यात जेवणाच्या सुरुवातीला येतं, गोड असतं, घाबरू नका. बटाट्याच्या शेवया, किंवा काळ्या खसखशीच्या, त्यांवर पिठीसाखर. शेवयांत अंडं असतं, पण दुकानात बिनअंड्याच्या मिळतात, पाकीट बघून घ्या. राजम्याच्या सुपात बहुतेक वेळा धुरावलेलं मांस असतं, ते समोर आलं तर विचारा.

आणि काकडी! उन्हाळ्यात प्रत्येक खिडकीत काचेची मोठी बरणी दिसेल. काकड्या उभ्या चिरून, मिठाचं पाणी, शेपूच्या काड्या, लसूण, वर पावाचा तुकडा. उन्हात तीन-चार दिवस. पाणी गढूळ होतं, आंबूस वास येतो, काकडी तयार. ती 'कोवासोश उबोर्का'. मीठ-उन्हाचं लोणचं कसं मुरतं हे ज्याला माहीत आहे त्याला बरणीजवळ गेल्यावरच कळेल.

कृष्णाकाठ, एक भर घालतो, नव्याने जाणाऱ्यांसाठी. पहिल्यांदा भेटायला जाताना फुलं न्यायची तर शेवंती नेऊ नका. आपल्याकडे ती हाराची, गजऱ्याची. इथे ती स्मशानाची. आणि फुलं विषम संख्येने.

नियमावली

व्हिसाचे थोडक्यात, कारण दर वेळी हे विचारलं जातं. हंगेरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, 2007 च्या डिसेंबरपासून. कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा लागतो. नातेवाइकांकडे राहणार असाल तर त्यांच्याकडून निमंत्रणाची कागदपत्रं आधी मागवा, शेवटच्या आठवड्यात धावपळ करू नका.

खाऊ नेताना: दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप बॅगेत नको. मसाले, चिवडा, शंकरपाळे न्या, पण शंकरपाळे तेलातले.

दोन_गावांचा

शेंगेनवरून आठवलं म्हणून आमचा अनुभव. आई-वडील आले होते. बायकोची मावशी सेगेदपासून जवळच, पण सीमेपलीकडे सर्बियात राहते. तिचंही गाव हंगेरियन बोलणारं. सगळे म्हणाले चला एक दिवस जाऊन येऊ, तासाभराचा रस्ता. सुदैवाने निघताना मेहुण्याने पासपोर्ट बघितले. आई-वडिलांचा व्हिसा एकाच प्रवेशाचा होता. सर्बिया शेंगेनमध्ये नाही. गेले असते तर परत हंगेरीत येता आलं नसतं. दोघं घरी राहिले. मावशीच दुसऱ्या दिवशी डबे भरून इकडे आली. तेव्हा नातेवाईक सीमेजवळचे असतील तर अर्ज करतानाच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा.

आणि ही सीमा काय आहे हे आधी समजून घेऊन जा. 1920 च्या ट्रियानोनच्या तहात हंगेरीचा जवळजवळ दोन तृतीयांश प्रदेश गेला. रुमानियात, स्लोव्हाकियात, सर्बियात हंगेरियन बोलणारी लाखो माणसं राहिली. ती कुठे हलली नव्हती, सीमाच त्यांच्यावरून गेली. प्रत्येक घरात कुणीतरी एक पलीकडचं आहे. माझं आजोळ बेळगावचं. सासऱ्यांनी भिंतीवरचा जुना नकाशा दाखवला तेव्हा मला काही समजावून द्यावं लागलं नाही.

शब्दवेडा

किचित-किंचित, पापुच-पायपोस वाचून अंगावर काटा आला! म्हणजे हंगेरियन लोक मुळात भारतातूनच गेले असणार. ह्यावर कुणी संशोधन केलंय का?

बुडापेश्तची_सकाळ

शब्दवेडा, नाही हो, तसं नाही. हंगेरियन ही युरली कुळातली भाषा, तिचे नातेवाईक फिनिश आणि एस्टोनियन. आपल्या भाषांशी तिचा वंश जुळत नाही. पापुच तुर्कांमुळे आला. सोळाव्या-सतराव्या शतकात हंगेरीचा मधला भाग ऑटोमन राजवटीत होता. खिशाला 'झेब' म्हणतात, तोही त्यांच्याकडूनच, आणि आपल्याकडे 'जेब' फारसीतून आला. किचित मात्र निव्वळ योगायोग.

पण तुम्ही विचारलंत ते एका हंगेरियन माणसाने दोनशे वर्षांपूर्वी विचारलं होतं. चोमा कोरोशी शांडोर, ट्रान्सिल्व्हानियातल्या खेड्यातला. हंगेरियन लोकांचं मूळ आशियात शोधायला तो बराचसा पायी निघाला, लडाखला पोचला, मूळ काही सापडलं नाही, पण तिबेटी भाषा शिकून 1834 मध्ये कलकत्त्यात तिबेटी-इंग्रजी कोश छापला. 1842 मध्ये दार्जिलिंगला वारला, तिथेच त्याचं थडगं आहे. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांनाही त्याचं नाव माहीत असतं. मी भारतातला म्हटलं की ते त्याची गोष्ट मला सांगतात.

तिकडे आडनाव आधी आणि नाव नंतर, हे मात्र ध्यानात ठेवा. आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. पाकिटावर पत्ता लिहिताना उलटं केलंत तर पोस्टमन गोंधळतो.

रानवाटा

भारताशी खरा वंश जुळतो तो तिथल्या रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणत, त्या लोकांचा, त्यावर कुणी बोललं नाही. त्यांची भाषा भारतीय-आर्य कुळातली आहे. मी बहिणीकडे गेले होते, ईशान्येकडच्या खेड्यात. आठवडी बाजारात एक म्हातारी कोंबड्या विकत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, इंडिया? मी हो म्हटलं. तिने बोटं उघडत मोजलं, 'येख, दुय, त्रिन, श्तार, पांज.' मी मोजलं, एक, दोन, तीन, चार, पाच. पाचला आम्ही दोघी एकदमच थांबलो. तिने पैसे घेतले नाहीत, मी ठेवून आले. हंगेरीतल्या बऱ्याच रोमा कुटुंबांत आता फक्त हंगेरियन बोलतात, तिला भाषा येत होती हे विशेष.

बाजारातून परतताना बहिणीच्या शेजारणीने मला विचारलं की त्या बाईशी एवढा वेळ काय बोलत होतीस. तिचा सूर मला आवडला नाही. आपल्या गावाकडे वाड्या-वस्त्यांबद्दल तो सूर मी लहानपणापासून ऐकलाय. मी सांगितलं, ती माझ्या भाषेत मोजत होती.

दोन_गावांचा

पिंपळपान, देब्रेत्सेनच्या बाजूला जाताय तर होर्तोबाज बघाच. मोठं गवताळ मैदान, 1973 पासून राष्ट्रीय उद्यान, 1999 पासून जागतिक वारसा. नऊ कमानींचा दगडी पूल आहे. आणि तिथली राखाडी गुरं! लांब, उभी, पसरट शिंगं. माझे वडील माणदेशातले, त्यांनी कुंपणाशी उभं राहून अर्धा तास बघितलं आणि म्हणाले, खिलारच जरा जाड केलाय. विहिरीवर लांब लाकडी लाट असते, एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाला बादली. कोकणातल्या माणसाला ओळखीची वाटेल.

उन्हाळ्यात जाल तर गावातल्या विजेच्या खांबांवर करकोच्यांची घरटी दिसतील. ऑगस्टच्या शेवटाला ते आफ्रिकेकडे निघतात.

हिवाळ्यात गेलात तर मात्र एक तयारी ठेवा. डुक्कर कापण्याचा दिवस असतो. पहाटे अंधारात सगळे नातेवाईक जमतात, दिवसभर काम, संध्याकाळी जेवण. शाकाहारी माणसाला तो दिवस जड जाईल, त्या तारखा विचारून घ्या. मी पहिल्या वर्षी बाजूला उभा राहिलो, पण एक पाहिलं. काम संपल्यावर सासूबाईंनी ताटल्या भरल्या, थोडं सॉसेज, थोडं भाजलेलं, वर फडकं, आणि शेजारच्या सात घरी पाठवल्या. त्याला 'कोश्तोलो' म्हणतात, चवीपुरतं. शेजारी कापतील तेव्हा तिकडून येईल. आमच्याकडे आई नवी ज्वारी, पहिला गूळ, पहिल्या शेंगा अशाच पाठवायची. वानवळा.

कृष्णाकाठ

दोन_गावांचा, वानवळा! अगदी बरोबर. लेक्वारच्या वेळीही तसंच झालं. रात्री नऊ वाजता विहिणीने दोन वाट्या भरून मला हाताशी घेतलं आणि शेजारी दोन घरी दिल्या. दारात मला पुढे करून म्हणाली, हिने उतरवलाय.

देदींचं एक राहिलं, ते सांगते. एका दुपारी माळ्यावर गेले होते, रिकाम्या बाटल्या आणायला. उतरले तर देदी हसत हसत म्हणाल्या, काही राहिलंय का वर? मला कळेना. संध्याकाळी सुनेने उलगडून सांगितलं. 1950 नंतरच्या वर्षांत सरकारी माणसं सक्तीची वसुली करायला यायची. धान्य, अंडी, चरबी, किती द्यायचं ते ठरवून दिलेलं. पिको न पिको. माळ्यावर चढून शेवटचा दाणा झाडून नेत, म्हणून त्याला 'माळा झाडणं' असंच नाव पडलं. देदींच्या वडिलांकडे थोडी जास्त जमीन, म्हणून त्यांचं नाव 'कुलाक', म्हणजे श्रीमंत शेतकरी, ह्या यादीत. देदी तेव्हा विशीच्या आसपासच्या. त्यांनी बियाण्याचा गहू उशीत शिवून ठेवला होता आणि त्या उशीवर त्या झोपायच्या. वसुली 1956 च्या उठावात संपली, मग काही वर्षांत जमीन सामुदायिक शेतीत गेली.

मी त्यांना आमच्याकडची ज्वारीची लेव्ही, म्हणजे सरकारची सक्तीची धान्यवसुली, सांगितली. आमच्या सासऱ्यांनी कणगी भिंतीआड कशी बांधली होती तेही सांगितलं. आमची लेव्ही तेवढी निर्दय नव्हती, हे मी जाणते. पण देदींनी भिंतीवर हाताने थापटून दाखवलं, इथे? मी म्हटलं, हो, अशीच. मग त्यांनी मला आत नेलं आणि ती उशी दाखवली. अभ्रा बदललेला आहे, आतलं कापड तेच. कडेला दुहेरी टीप आहे, हाताने घातलेली, दाणा निसटू नये म्हणून बारीक. मी बोट फिरवून बघितलं.

पिंपळपान

सगळ्यांचे आभार. मी वहीत लिहून घेतलंय. शेवंती नाही, पेढे नाहीत, झीर नको, अनेक प्रवेशांचा व्हिसा.

ताई, एक विचारू? किती दिवस राहावं? भाचा म्हणतो चार दिवस पुरे, मग व्हिएन्ना, प्राग करू.

कृष्णाकाठ

चार दिवसांत तुम्ही पाहुण्या राहाल. पाहुण्याला ते स्वच्छ खोलीत बसवतात, चांगल्या कपबशा काढतात आणि स्वतः अवघडतात. पहिले चार दिवस आमच्याकडेही तसेच गेले. पाचव्या दिवशी मी न विचारता भांडी घासायला घेतली तेव्हा विहिणीने आधी हात धरला, मग फडकं दिलं. जमत असेल तर दोन आठवडे तरी राहा. आणि काही काम चालू असेल अशा वेळी जा, जून-जुलैत चेरी आणि जर्दाळू, सप्टेंबरात आलुबुखार आणि मिरची.

शब्दवेडा

बुडापेश्तची_सकाळ, समजावून सांगितल्याबद्दल आभार. किचित योगायोग असला तरी मी तो वहीत ठेवतो.

कृष्णाकाठ, विहीणबाई इकडे येणार का?

कृष्णाकाठ

जानेवारीत येतेय, व्याही आणि ती. देदींना प्रवास झेपणार नाही. मी त्याच महिन्यात यायला सांगितलं, कारण आमच्या शेजारच्या मळ्यात गुऱ्हाळ लागतं. काहिलीवर तिला उभी करायची आहे. गुळव्याला मी आधीच सांगून ठेवलंय की एक बाई येणार आहे, तिला रेघ कळते.

सपातांचे दोन जोड आणून दाराशी ठेवलेत. माझ्याकडे एक अडचण आहे, तुम्हीच सुचवा. तिला माझ्या दोन्ही विहिणींना भेटवायचं आहे. संक्रांतीला घरी बोलावते. पण त्या मला 'अहो' म्हणतात आणि ही 'तू' म्हणते. सुनेने काल फोनवर सांगितलं की तिने बोद्झाच्या सरबताच्या दोन बाटल्या जास्तीच्या बांधून ठेवल्यात.